सुराबायात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: आधी पत्ता, मग बाकी सगळे

सुराबाया हे जकार्तानंतरचे इंडोनेशियातील सर्वांत मोठे शहर आणि पूर्व जावा प्रांताची राजधानी. २०२० च्या जनगणनेत शहराच्या हद्दीत साधारण २८ लाख ७४ हजार लोक मोजले गेले, परंतु शेजारचे सिदोआर्जो, ग्रेसिक आणि मोजोकेर्तो हे औद्योगिक पट्टे धरले तर रोजच्या व्यवहारातले शहर याहून कितीतरी मोठे आहे. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसते. येथे येणारा भारतीय माणूस बहुधा कापड, रसायने, पोलाद किंवा यंत्रसामग्रीच्या कामासाठी येतो. लक्ष्मी मित्तल यांनी १९७६ साली आपला पहिला पोलाद कारखाना काढला तो येथल्याच सिदोआर्जोत. मी इचलकरंजीहून एका कापड कारखान्याच्या रंगाई विभागात काम करण्यासाठी आले, तेव्हा नातेवाइकांनी विचारलेला पहिला प्रश्न ‘म्हणजे बालीच्या जवळच ना?’ हा होता आणि खरे सांगायचे तर मलाही त्याहून फारसे अधिक ठाऊक नव्हते.

पहिल्या सहा महिन्यांत मी जवळपास प्रत्येक काम उलट्या क्रमाने केले. बँकेत गेले, निवासाच्या दाखल्यासाठी गेले, कर क्रमांकासाठी गेले आणि प्रत्येक ठिकाणी खिडकीपलीकडून एकच प्रश्न आला, ‘अलामात दी माना?’, म्हणजे पत्ता कुठला? माझ्याकडे कंपनीने दिलेल्या हॉटेलचा पत्ता होता आणि तो कुठेच चालत नव्हता. म्हणून या लेखातील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा शुल्क आणि मुदती निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. क्रम मात्र बदलत नाही.

१. भारतातून निघण्यापूर्वी नावांचा ताळमेळ घाला

मराठी माणसाची, त्यातही लग्नानंतर नाव बदललेल्या मराठी बाईची, सर्वांत मोठी अडचण येथे असते. माझ्या पदवीवर माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. पासपोर्टवर सासरचे नाव आणि मध्ये नवऱ्याचे नाव. आपल्याकडे हे कोणालाही खटकत नाही. परदेशी कर्मचाऱ्याची कागदपत्रे तपासणाऱ्या माणसाला मात्र त्या दोन वेगळ्या बाया दिसतात. या एका कारणाने माझे तीन आठवडे गेले. नाव बदलल्याची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला या दोन गोष्टी आधीच हाताशी असत्या, तर ते वाचले असते.

दुसरी गोष्ट अपॉस्टिलची, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून त्यावर केलेल्या प्रमाणीकरणाची. इंडोनेशियात अपॉस्टिल करार जून २०२२ पासून लागू झाला. त्यामुळे आता पदवी आणि विवाहाचा दाखला यांवर आधी राज्य पातळीवरचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल एवढे झाले की काम भागते; पूर्वीसारखा दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. जुन्या माहितीवर चालणारे एजंट अजूनही त्या शिक्क्याचे पैसे सांगतात, ते देऊ नका. दाखला मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर भारतातच करून घ्या. इंडोनेशियन भाषांतराची गरज पडल्यास ते येथील शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करावे लागते.

सोबत आणायची कागदपत्रे पुढीलप्रमाणे:

– पासपोर्ट, ज्याची मुदत किमान दीड वर्ष तरी शिल्लक असावी, कारण निवास परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीच्या आत बसवावी लागते.
– अपॉस्टिल केलेली पदवी आणि कुटुंब येणार असल्यास विवाहाचा व मुलांच्या जन्माचा दाखला.
– पूर्वीच्या नोकरीची अनुभवपत्रे, ज्यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव असावे.
– लाल पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो. येथे बऱ्याच अर्जांना तसे फोटो मागतात आणि भारतात काढलेले पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो परत येतात.
– नियमित औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह. अमली पदार्थांचे कायदे येथे अत्यंत कडक आहेत, त्यामुळे तीव्र वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय आणू नयेत.

कढीपत्त्याचे रोप, बी-बियाणे आणि ताजी फळे सामानात घालू नका; ती विलगीकरण खात्याच्या तपासणीत अडकतात.

२. व्हिसा: कोणत्या कागदावर काय करता येते

भारतीय पासपोर्टवर आगमनानंतरचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) असून तो ३० दिवस चालतो आणि एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढवता येतो. त्यावर बैठका घेता येतात, घर पाहता येते, परंतु काम करता येत नाही. कारखान्याच्या आवारात हेल्मेट घालून यंत्रासमोर उभे राहणे हेही तपासणी अधिकाऱ्याच्या दृष्टीने कामच असते. ‘आधी या, मग बघू’ असे कोणी सांगितल्यास तसे येऊ नका.

नोकरीसाठी कंपनीला आधी परदेशी मनुष्यबळ वापरण्याची मंजुरी घ्यावी लागते, त्यासाठी दरमहा १०० डॉलरचा निधी सरकारला भरावा लागतो आणि मग तुमचा व्हिसा व पुढे मर्यादित मुदतीचा निवास परवाना निघतो. या परवान्याला येथे सगळे ‘किटास’ म्हणतात. तो निधी कंपनीने भरायचा असतो. तुमच्या पगारातून तो कापण्याची भाषा झाली, तर करारावर सही करण्यापूर्वीच विचारा.

ऑनलाइन अर्ज करताना सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गो डॉट आयडी’ असा संपतो हे लक्षात ठेवा. हुबेहूब तसेच दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे शोधात सर्वांत वर येतात. मुदत उलटून राहिल्यास दंड दिवसाला १० लाख रुपिया आहे.

३. विमानतळावर, बाहेर पडण्यापूर्वी

भारतातून सुराबायाला येताना सिंगापूर, क्वालालंपूर किंवा जकार्तात विमान बदलावे लागते. उतरण्यापूर्वी ऑनलाइन घोषणापत्र भरून त्याचा क्यूआर कोड तयार ठेवा.

येथला खरा सापळा मोबाईलचा आहे. परदेशातून आणलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, जकात खात्याकडे नोंदवलेला नसेल, तर त्यात इंडोनेशियाचे सिमकार्ड काही काळाने चालेनासे होते. पर्यटकांना दूरसंचार कंपनीच्या काउंटरवरून ९० दिवसांपुरती सोय मिळते, परंतु राहायला येणाऱ्याने विमानतळावरच, सामान तपासणीच्या ठिकाणी, नोंदणी करून घ्यावी. तेथे ५०० डॉलरपर्यंतच्या किमतीला करातून सूट मिळते. एकदा दाराबाहेर पडलात की नंतर नोंदणी करता येते, पण ती सूट मिळत नाही. मी रात्री साडेअकराला थकून उतरले, रांग पाहिली आणि ‘उद्या बघू’ म्हणून निघाले. त्या आळसाची किंमत नवा फोन घेण्याइतकी पडली.

आणखी एक गंमत म्हणजे येथे ‘सिम’ म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना. पोलिसाने रस्त्यात सिम मागितले की फोन पुढे करू नका.

४. शहर समजून घ्या: राहायचे कुठे

घाई करू नये अशी पायरी हीच, कारण पुढची प्रत्येक कचेरी तुम्हाला पत्त्यावरून ओळखते.

शहराचे पाच भाग आणि ३१ तालुकेवजा विभाग आहेत. उत्तरेला तांजुंग पेराक बंदर आणि जुने शहर. मध्यभागी तुंजुंगान, गुबेंग, दार्मो. पूर्वेला विद्यापीठे आणि रुंगकुतची औद्योगिक वसाहत. पश्चिमेला नव्या, ऐसपैस, फाटकबंद वसाहती. दक्षिणेला वोनोक्रोमो आणि त्यापुढे सिदोआर्जो. कारखाना रुंगकुतला आणि घर पश्चिमेला अशी जोडी जमवलीत तर रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर जातील. पश्चिमेकडच्या वसाहती रविवारी पाहायला गेल्यावर मोह पडतो. त्या सोमवारी सकाळी सात वाजता पाहाव्यात. एकटे राहणाऱ्याला मध्यभाग किंवा पूर्व भाग बरा, लहान मुले असलेल्या कुटुंबाला पश्चिम भाग सोयीचा, परंतु निर्णय कामाच्या ठिकाणावरून घ्यावा, असे माझे मत आहे.

नावांचा घोळ इथूनच सुरू होतो. राया दार्मो हा मध्यभागातला जुना, झाडांनी झाकलेला रस्ता. दार्मो पेरमाइ आणि दार्मो इंदाह या पश्चिमेकडच्या वसाहती. मला घरमालकिणीने ‘दार्मो’ एवढेच सांगितले, मी राया दार्मोवर जाऊन उभी राहिले आणि ती पश्चिमेला पाऊण तासाच्या अंतरावर माझी वाट पाहत बसली. रुंगकुतमध्ये तर रुंगकुत आस्री, रुंगकुत मापान, रुंगकुत मेनांगगाल अशी भावंडेच आहेत. पत्ता घेताना पूर्ण नाव, गल्लीचा रोमन आकडा, ब्लॉक आणि घरक्रमांक असे सगळे लिहून घ्या. गल्लीला येथे ‘गांग’ म्हणतात.

नावांच्या शेवटी लोर, किदुल, वेतान, कुलोन असे शब्द दिसतील. ते जावी भाषेत अनुक्रमे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. जुने रहिवासी रस्ता सांगतानाही डावे-उजवे न म्हणता ‘थोडे कुलोनला जा’ असे सांगतात, त्यामुळे हे चार शब्द पाठ केल्याचा उपयोग नकाशापेक्षा अधिक होतो.

दिशेचा आणखी एक मुद्दा घर निवडताना कामी येतो. सुराबाया विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सव्वासात अंशांवर आहे. जून-जुलैत ऊन उत्तरेच्या खिडकीतून येते, आपल्या सवयीच्या उलट. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे आपला पावसाळा संपल्यावर येथला सुरू होतो, आणि ऑक्टोबरात, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, सूर्य डोक्यावर येऊन शहर अक्षरशः भाजून निघते. पश्चिमेला खिडकी असलेली वरच्या मजल्यावरची खोली स्वस्त का मिळते, ते तेव्हा कळते.

जुन्या शहरात राहायला कोणी फारसे जात नाही, परंतु एक रविवार काढून अंपेलची मशीद, अरबी बाजार आणि जेंबातान मेराह म्हणजे लाल पूल पाहून यावे. मराठी वाचकाला हा पूल परका नाही. महायुद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी येथे जी ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरवली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. ३० ऑक्टोबरला याच परिसरात त्या ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला आणि १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी शहरावर मोठा हल्ला केला. तो दिवस इंडोनेशिया आता वीर दिन म्हणून पाळतो. येथल्या तंत्रज्ञान संस्थेचे नावच ‘दहा नोव्हेंबर’ असे आहे. तुम्ही भारतीय आहात हे कळल्यावर एखादे आजोबा तो विषय काढतात, तेव्हा ऐकून घ्यावे. साम्राज्याच्या हुकमाने आलेली आपली माणसे त्या गोष्टीत दुसऱ्या बाजूला उभी होती.

५. घर घेताना

दोन प्रकार आहेत. ‘कोस’ म्हणजे महिन्याच्या भाड्याची खोली, बहुधा पलंग, कपाट आणि वातानुकूलनासह. ‘कोन्त्राक’ म्हणजे वर्षाच्या कराराचे घर, ज्याचे भाडे सहसा वर्षभराचे आगाऊ द्यावे लागते. पहिले दोन-तीन महिने कोसमध्ये काढा आणि मगच कोन्त्राक करा. वर्षाचे पैसे एकदा दिले की घर नकोसे झाले तरी ते परत मिळत नाहीत. मात्र कोस निवडतानाच मालकाला विचारा की पत्त्याचा दाखला काढायला तो सही देईल का. काही मालक करापोटी ते टाळतात, आणि मग तुमचे पुढचे प्रत्येक काम अडते. करारावर १० हजार रुपियाचे ‘मतेराइ’ म्हणजे मुद्रांकाचे तिकीट चिकटवून त्यावरून सही करायची असते. त्याशिवाय तो कागद कोणी धरत नाही.

वीज बहुतेक घरांत आगाऊ भरण्याची असते. पैसे भरले की २० आकडी टोकन येते, ते मीटरवर टाइप करायचे. शिल्लक संपत आली की मीटर दाराबाहेर टीटी करत राहतो आणि तुमची वीज संपत आल्याचे तुमच्याआधी गल्लीला कळते. घराचा वीजभार किती आहे तेही पाहा. १३०० व्होल्ट-अँपिअरच्या जोडणीवर एसी चालू असताना इस्त्री लावली की खटका पडतो, आणि येथले लोक त्याला ‘ञेग्लेक’ म्हणतात. भारतातले तीन पिनांचे प्लग येथे बसत नाहीत, त्यामुळे दोन गोल पिनांचे अडॅप्टर आणावेत.

नळाचे पाणी पिण्याचे नाही. १९ लिटरच्या ‘गालोन’ बाटल्या घरपोच येतात. पहिल्या बाटलीची अनामत भरायची आणि पुढे रिकामी देऊन भरलेली घ्यायची. गॅसची तीन किलोची हिरवी टाकी, जिला लाडाने ‘मेलोन’ म्हणतात, ती गरिबांसाठी अनुदानित आहे. दुकानदार देत असला तरी ती घेऊ नका. साडेपाच किंवा बारा किलोची घ्या.

६. पाक एर-टे यांना भेटा

परदेशी माणसाला ही पायरी कोणी सांगत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. काही घरांचा मिळून एक ‘एर-टे’ होतो, काही एर-टेंचा एक ‘एर-वे’. एर-टेचा प्रमुख, म्हणजे ‘पाक एर-टे’ (‘पाक’ हे पुरुषासाठीचे आदराचे संबोधन), हा गल्लीतलाच कोणीतरी निवृत्त शिक्षक, दुकानदार, क्वचित एखादी बाई. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते, तिचा अर्थ असा की पाहुण्याने चोवीस तासांत कळवणे बंधनकारक आहे. आपण शहरातल्या फ्लॅटमध्ये वर्षानुवर्षे शेजाऱ्याचे नाव न विचारता राहतो, त्यामुळे मला ती पाटी नुसती शोभेची वाटली होती.

शेवटी घरमालकिणीने मला संध्याकाळच्या नमाजानंतर तिथे नेले. पाक एर-टे लुंगी नेसून पंख्यासमोर बसले होते. त्यांनी माझा पासपोर्ट डोळ्यांजवळ धरून पानोपान पाहिला, मग बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून शिक्का आणि जांभळी शाई काढली, वहीत माझे नाव लिहिले आणि मान वर न करता विचारले, ‘सुदाह माकान?’, म्हणजे जेवण झाले का? कागद दहा मिनिटांत झाला. चहा आणि केळ्याची भजी यांना पाऊण तास लागला. या कागदाविना पुढचे पाऊल पडत नाही.

जाताना पासपोर्टची प्रत, व्हिसा किंवा किटासची प्रत, घराचा करार आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत न्या. कचरा आणि राखणदाराची मासिक वर्गणी तिथेच विचारून घ्या. अधूनमधून रविवारी सकाळी ‘केर्जा बाक्ती’ म्हणजे गल्लीची सामूहिक सफाई असते, तिला एकदा तरी झाडू घेऊन जा. पुढे डेंग्यूने आजारी पडलात तर दवाखान्यात नेणारे हेच लोक असतात. शहराचा आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, तोही फोनमध्ये घालून ठेवा.

७. मग सरकारी कामे, याच क्रमाने

इमिग्रेशनची दोन कार्यालये या शहराचे काम पाहतात. एक विमानतळाच्या रस्त्यावर सिदोआर्जोच्या हद्दीत आहे, दुसरे तांजुंग पेराकचे. ते नावाने बंदराचे असले तरी प्रत्यक्षात पश्चिमेकडे दार्मो इंदाहला आहे. कोणत्या कार्यालयात जायचे हे तुमच्या पत्त्याच्या विभागावरून ठरते. चुकीच्या ठिकाणी अर्धा दिवस रांगेत उभे राहून परतलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतली एक मी स्वतः होते.

किटास झाल्यावर नागरी नोंदणी खात्याकडून तात्पुरत्या निवासाचा दाखला काढायचा. तो तुंजुंगान रस्त्यावरच्या सिओला इमारतीत होतो. जुन्या काळच्या या दुकानाच्या इमारतीत आता शहराच्या बहुतेक नागरी सेवा एका छपराखाली आहेत. त्यानंतर कर क्रमांक घ्यायचा. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहणारा माणूस येथे करदाता ठरतो. किमान सहा महिने काम करणाऱ्या परदेशी माणसाला सरकारी आरोग्य विम्यात नाव घालणे बंधनकारक आहे आणि ते कंपनीने करायचे असते, त्यामुळे कार्ड मागून घ्या.

बँक सर्वांत शेवटी. अर्जात आईचे जन्माचे नाव विचारतात, आणि पुढे फोनवरून ओळख पटवतानाही तेच विचारतात. आपल्याकडे आईचे माहेरचे नाव पटकन कोणी लिहीत नाही. मी एकदा सासरचे आडनाव लावून सांगितले आणि कार्ड बंद पडले. पहिल्या दिवशी जे लिहाल त्याची नोंद घरी ठेवा.

भारताचा दूतावास जकार्तात असून महावाणिज्य दूतावास मेदान आणि बाली येथे आहेत. पासपोर्टचे नूतनीकरण करण्यापूर्वी पूर्व जावाचे काम कोणाकडे आहे ते फोन करून विचारा आणि मगच तिकीट काढा.

८. शून्ये आणि वेळ

दुकानात १.५००.००० असे लिहिलेले दिसेल, ते पंधरा लाख. येथे हजारांपुढे टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो. लाखाला येथे वेगळा शब्द नाही. दोन लाखांना ‘दुआ रातुस रिबू’, म्हणजे दोनशे हजार म्हणतात आणि दहा लाखांना ‘जुता’. भाजीवाली ‘दुआ पुलुह’ म्हणजे वीस म्हणाली, तर ती वीस हजार म्हणते आहे. भारतीय रुपयांत ढोबळ अंदाज हवा असेल तर शेवटची दोन शून्ये काढा आणि उरलेल्याचे निम्मे करा. रोजच्या देण्याघेण्याला २०१९ पासून ‘क्रिस’ नावाचा एकच क्यूआर कोड आहे, आपल्या यूपीआयसारखा. मात्र तो वापरायला येथले खाते किंवा मोबाईलमधले पाकीट लागते.

वेळेचा सापळा अधिक फसवा आहे. ‘स्तेंगाह दलापान’ याचा शब्दशः अर्थ ‘अर्धे आठ’, पण वेळ साडेसातची. मी ती साडेआठ समजले आणि कारखान्यातील पहिल्याच बैठकीला एक तास उशिरा पोहोचले. भारतापेक्षा येथील घड्याळ दीड तास पुढे आहे.

९. ये-जा

बहुतेक नवखे लोक ॲपवरून दुचाकी किंवा मोटार मागवतात, ते सोयीचे आहे. ‘सुरोबोयो बस’ ही शहर बससेवा २०१८ साली सुरू झाली तेव्हा भाड्याऐवजी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या घेत असे. रोख पैसे तिच्यात चालत नाहीत. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण मुख्य रस्ते बरेचसे एकेरी असल्याने समोर दिसणाऱ्या दुकानात पोहोचायला पुढे जाऊन वळसा घालावा लागतो.

लांबच्या प्रवासात स्थानक नीट वाचा. योग्याकार्ता, मालांग, बान्युवांगीकडच्या गाड्या गुबेंगहून सुटतात, तर सेमारांगमार्गे जकार्ताला जाणाऱ्या उत्तरेकडच्या गाड्या पासार तुरीहून. मोठे बसस्थानक कागदोपत्री पुराबाया आहे, पण लोक त्याला बुंगुरासिह म्हणतात. ‘पुराबाया कुठे’ असे विचारल्यास समोरचा गोंधळतो.

१०. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

‘शाकाहारी’ म्हटल्यावर समोरचा मांसाचा तुकडा काढतो, पण चटणीत कोळंबीची ‘तरासी’ किंवा काळी ‘पेतिस’ तशीच असते. सुराबायाला पेतिसचे वेड आहे. ताहू तेकपासून रुजाकपर्यंत सगळीकडे ती येते. म्हणून नुसते ‘शाकाहारी’ न म्हणता यादीच सांगा: ‘तान्पा दागिंग, तान्पा आयाम, तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तरासी, तान्पा पेतिस’. तान्पा म्हणजे विना; पुढचे पहिले चार शब्द अनुक्रमे मांस, कोंबडी, मासे आणि कोळंबी. कुरकुरीत पापडासारखे दिसणारे ‘क्रुपुक’ही बहुधा कोळंबीचेच असतात. मांसाहारींनी मात्र काळा रावोन रस्सा चुकवू नये, पण तो गोमांसाचा असतो हे आधी जाणून घ्यावे. चिनी बौद्ध लोकांची पूर्ण शाकाहारी भोजनालये शहरात आहेत.

किराण्यात मूग, शेंगदाणे, हळद, धने, जिरे, चिंच, नारळ आणि तांदळाचे पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. गुळाऐवजी ‘गुला जावा’ चालतो. तूरडाळ, पोहे आणि ज्वारीचे पीठ घरून आणा. बाजारात हिरवे क्लेपोन दिसले तर जरूर घ्या: आत गूळ, बाहेर खोबरे, जणू उकडीचा मोदक उलटा केला आहे.

रमजानच्या अखेरीस ईदला निम्मे शहर गावी जाते. घरकाम करणाऱ्या बाईला त्याआधी बोनस द्यावा लागतो, आणि पाणी, गॅस, भाजी आठवडाभर आधी भरून ठेवावी लागते.

११. बोलावे कसे

पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’, तरुणाला ‘मास’, तरुणीला ‘म्बाक’ लावल्याशिवाय हाक मारू नका. सुराबायाची जावी भाषा मध्य जावाच्या मानाने रोखठोक आहे. वाक्याच्या शेवटी येणारे ‘रेक’ म्हणजे आपले ‘अरे गड्यांनो’. कारखान्यात ‘जान्चोक’ सतत ऐकू येईल. मित्रामित्रांत ते प्रेमाने चालते, नवख्याच्या तोंडी शिवीच असते.

थेट नकार देण्याऐवजी ‘बलुम’, म्हणजे ‘अजून नाही’, म्हणतात. ‘काम झाले का’ यावर ‘बलुम’ आले, तर ते सुरू झाले आहे असे गृहीत धरू नका. नामा (नाव), मुका (मुख), बाहासा (भाषा) हे शब्द ओळखीचे वाटतील, पण ‘इस्त्री’ म्हणजे येथे बायको. मी धोब्याकडे कपड्यांसाठी ‘इस्त्री’ मागितली, तेव्हा त्याने गंभीरपणे आपल्या बायकोला आतून बोलावले. कपड्यांची इस्त्री ती ‘स्त्रिका’.

१२. शहर सोडताना

नोकरी संपल्यावर नुसते विमानात बसून निघू नका. कंपनीकडून किटास रद्द करून अंतिम निर्गमनाचा परवाना काढून घ्या. तो न काढता गेलेल्या माणसाचा जुना परवाना नोंदीत तसाच राहतो आणि दुसऱ्या कंपनीमार्फत परत येताना अडचण होते. बँकेचे खाते त्याआधी बंद करा, कारण किटास गेल्यावर तेही काम अवघड होते. विजेच्या मीटरमधली शिल्लक परत मिळत नाही, तेव्हा शेवटच्या महिन्यात टोकन थोडे-थोडे भरा. पाक एर-टे यांच्या वहीतून नाव कमी करून घ्या आणि गालोनच्या रिकाम्या बाटल्या दुकानात देऊन अनामत परत मागा. पावती हरवली असली तरी दुकानदार तुम्हाला ओळखत असतो.